मार्लफर्डच्या तरीवरची घंटा

"पितळ, थोडं मिक्स, हिरवा रंग, आत माती," असं माझं वर्णन कुवेतमधल्या अम्गराच्या भंगार यार्डात काम करणाऱ्या सर्फराजने केलं होतं. त्यात घंटा हा शब्दच नव्हता! म्हणून आधी तेवढं सांगून टाकते, मित्रांनो. मी घंटा आहे. जुनी आहे, पितळेची नाही, चांगल्या काशाची आहे, आणि माझा जन्म कुवेतपासून फार दूर, विलायतेतल्या एका नदीकाठच्या लहानशा गावात झाला. गावाचं नाव मार्लफर्ड. तुम्ही ते ऐकलं नसेल. पलीकडच्या तालुक्यातल्या लोकांनीसुद्धा धड ऐकलं नव्हतं, तिथे तुमचा काय दोष?

तुम्ही म्हणाल, विलायतेची घंटा मराठी कशी बोलते? अहो, घंटेचं तोंड दिवसातून थोडाच वेळ वाजतं. उरलेला वेळ ती ऐकत असते. माझी मराठी कुठून आली ते पुढे येईलच. मला मध्येच डुलकी लागायची सवय आहे, तेवढं सांभाळून घ्या. कुवेतला धुळीचं वादळ सुटलं आणि समोरचं सगळं पिवळट धूसर झालं, की मला वाटतं वेन नदीवर धुकं उतरलंय, आणि मग मी निम्मी इथे असते आणि निम्मी तिथे.

तर वेन नदी. संथ, रुंद, मातकट पाण्याची. मार्लफर्डला एकच मोठा रस्ता होता आणि तोही उतरत उतरत थेट पाण्यात जायचा. फार पूर्वी तिथे पाणी उथळ होतं. उन्हाळ्यात गाई चालत पार जायच्या, त्यांच्यामागून माणसं, आणि मग काठावर माणसांनी घरं बांधली. असं ते गाव वसलं. कुणा राजाने वसवलं नाही, गाईंनी वसवलं. गावातली मोठी माणसं ही गोष्ट पाहुण्यांना जरा चाचरतच सांगायची.

पुढे नदीतून मोठ्या होड्या येऊ लागल्या. काठावर जवाची कोठारं झाली. जव भिजवून, मोड आणून भट्टीत भाजायचे, त्याचा वास सकाळी सगळ्या गावावर पसरायचा. आपल्याकडे लाह्या फुटताना येतो ना, त्याच जातीचा. गुरुवारी बाजार भरायचा. लोणी, अंडी, वेताच्या टोपल्या, मेंढ्या. भाव करताना कुणी आवाज चढवायचं नाही. दोघं समोरासमोर उभे राहून आभाळाकडे बघत पावसाबद्दल बोलायचे आणि त्यातच सौदा व्हायचा.

गावाला एक दगडी पूल होता. एका मोठ्या पुरात तो वाहून गेला. आता सरळ विचार केला तर पूल परत बांधायला हवा की नको? पण नदीचा अल्याडचा काठ एका परगण्यात आणि पल्याडचा दुसऱ्या. हे म्हणायचे, पूल तुमच्या बाजूने पडला, तुम्ही बांधा. ते म्हणायचे, पूर तुमच्या बाजूने आला, तुम्ही बांधा. दरवर्षी दोन्हीकडची मंडळी 'तीन हंस' नावाच्या खाणावळीत बैठकीला जमायची, मटणाचे पॅटिस खायची, पुढच्या वर्षी ठरवू म्हणून उठायची. असं करता करता शंभरावर वर्षं गेली! त्या बैठकांचे माझ्यावर मात्र फार उपकार आहेत. पूल झाला असता तर मी झालेच नसते.

पूल नाही म्हणून तर आली. तर म्हणजे माणसांना नदीपार नेणारी होडी, कोकणातल्या लोकांना सांगायला नको. नावाडी राहायचा गावाच्या बाजूला. पल्याडच्या माणसाला इकडे यायचं असलं की त्याने बोंब मारायची. पण वारा उलटा असला की आवाज पोचायचा नाही, आणि माणसं ताटकळत भिजायची. शेवटी नावाडी ओताऱ्याकडे गेला आणि म्हणाला, मला घंटा ओतून दे.

ओताऱ्याने मला ओतलं. पहिल्या खेपेला मी फार गोड वाजले. ओतारी खूश झाला. नावाडी म्हणाला, "गोड चर्चला दे. मला अशी पाहिजे जी मला तीन हंसमधून उठवेल." मग मला वितळवलं, परत ओतलं. तेव्हापासून माझा आवाज असा आहे. गोड नाही, पण पाण्यावरून सरपटत पलीकडे जातो आणि झोपलेल्याला उठवतो. याचा मला अभिमान आहे, का नसावा?

पल्याडच्या काठावर ओकच्या खांबाला मला टांगलं. कोण दोर ओढतंय हे नावाड्याला नुसत्या वाजण्यावरून कळायचं. डॉक्टर घाईने ओढायचा. लोणीवाली म्हातारी एकच टोला द्यायची आणि बसून राहायची. प्रेमात पडलेली पोरं इतकी हळू ओढायची की मीच मनातल्या मनात म्हणायची, अरे बाबा, जरा जोर लाव, ती पलीकडे उभी आहे. धुक्यात तर मला सतत वाजवत राहावं लागे, कारण नावाड्याला काठ दिसायचा नाही. तो माझ्या आवाजाच्या दिशेने वल्ही मारत यायचा. पांढऱ्या धुक्यातून आधी पाण्याचा चुबुक चुबुक आवाज, मग होडीचं नाक, मग टोपी, मग माणूस. आजही डोळा लागला की मला तेच दिसतं.

माणसं कशी होती विचाराल, तर अबोल होती. दुःख झालं की बोलायची नाहीत, शेजारणीच्या दारात झाकलेलं ताट ठेवून निघून जायची. एकदा मालाची होडी उलटून दोन भाऊ बुडाले. सगळं गाव टोप्या काढून काठावर उभं राहिलं, तासन् तास. शेवटी कुणीतरी म्हणालं, "पाणी उतरतंय." बस, एवढंच. पण त्या वर्षी त्या घरचे जव कापायला सगळं गाव गेलं होतं. भांडण करायचं तर ते फक्त पुराच्या रेघांवरून. तीन हंसच्या भिंतीवर प्रत्येक पुराच्या पाण्याची रेघ ओढलेली असायची, आणि माझ्या आज्याचा पूर मोठा की तुझ्या आज्याचा, यावरून चांगली शहाणी माणसं हमरीतुमरीवर यायची.

मग मोठी लढाई लागली. शत्रू आल्याशिवाय देशात कुठेही चर्चची घंटा वाजवायची नाही, असा हुकूम निघाला. मार्लफर्डमध्ये प्रश्न पडला, तरीची घंटा ही घंटा धरायची का? यावर गावाने दोन बैठका घेतल्या. हुकूम मोडायचा नाही, म्हणून बायकांनी लोकरीचा मोजा विणला आणि माझ्या लोळ्याला, म्हणजे आतल्या लोलकाला, घातला. मी तेव्हा धप् धप् करत असे. लाज वाटायची, पण ऊब होती. लढाई संपल्यावर बँड लावून तो मोजा काढला. असं ते गाव, मित्रांनो. काही करायला वेळ फार लावायचं, पण एकदा करायला घेतलं की मनापासून.

आणि एके वर्षी पूल झालाच. सिमेंटचा. बैठकीवाल्यांना विचारलंच नाही, वरून हुकूम आला. पहिल्या दिवशी सगळं गाव पुलावरून इकडून तिकडे नुसतं चालत राहिलं. दुसऱ्या दिवशी तरीला गिऱ्हाईक नव्हतं. तेव्हाचा नावाडी विल्फ, त्याच घराण्यातला. तो रोज होडीत येऊन बसायचा. वल्ही मांडीवर घेऊन बसायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी काय करणार? मला स्वतःहून वाजता येत नाही हो. हेच आमचं दुर्दैव, कुणीतरी दोर ओढावा लागतो.

विल्फचा मुलगा लेन टगबोटीवर कामाला लागला होता. त्याला कुवेतची नोकरी लागली, मीना अल-अहमदीला, तेलाची अजस्र जहाजं धक्क्याला लावायची. निघताना विल्फने मला खांबावरून काढलं आणि त्याच्या पेटीत ठेवलं. दोघंही काही बोलले नाहीत. मार्लफर्डचेच ना!

अशी मी कुवेतला आले. अहमदीत लेनला बंगली मिळाली, पुढे बाग, मेंदीचं कुंपण. त्या साहेब लोकांनी तिथे विलायत करायचा काय खटाटोप केला! गुलाब लावले, ते धुळीने मेले, परत लावले. मला व्हरांड्यात टांगलं आणि चहाच्या वेळी वाजवायला लागले. दोन टोल्यांत सगळे जमत. बरं वाटायचं, पण खरं सांगू? जो माणूस चार पावलांवर बसलाय त्याला हाक मारण्यात मला कधी गंमत वाटली नाही. लेनचे वडील वारले. पुढे कंपनी बदलली, साहेब लोक परत गेले, लेनही गेला. मला मात्र हुकावरच ठेवून गेला. आता तिकडे बोलवायचं कुणाला, असं पुटपुटला होता.

मग त्या घरात दिनकरराव आले, रिफायनरीतले इंजिनियर, आणि त्यांच्या पत्नी ताराबाई. ताराबाई पुण्यात शाळेत शिकवत होत्या. कुवेतमध्ये मराठी शाळा नव्हती तर त्यांनी व्हरांड्यातच शाळा भरवली, आसपासच्या मराठी मुलांची. मी डोक्यावर लटकलेली. बाराखडी, पाढे, पाठांतर, सगळं माझ्या कानावरून गेलं. "स्पष्ट बोला, शेवटचं अक्षर गिळू नका!" हे त्यांचं वाक्य. मी आज जे काही नीट बोलते ती ताराबाईंची कृपा. रोज सकाळी त्या मला चिंच लावून घासायच्या. इतकी चकचकीत मी मार्लफर्डलाही नव्हते.

नव्वद साली इथे लढाई आली तेव्हा त्यांनी मला चादरीत गुंडाळून कोठीच्या खोलीत ठेवलं आणि बसमधून वाळवंटापलीकडे गेल्या. परत आल्या तेव्हा घरात भांडी नव्हती, पंखे नव्हते, मी होते. मला मिठी मारून रडल्या बिचाऱ्या. पण निवृत्तीनंतर पुण्याला जाताना विमानाच्या वजनात मी बसले नाही. त्यांनी नव्या बिऱ्हाडाला माझी काळजी घ्यायला सांगितलं. नव्या बिऱ्हाडाने हो म्हटलं.

आणि मला फाटकाच्या रंगात रंगवलं! हिरव्या! त्याच्या पुढच्यांनी तर कमाल केली. लोळा उपटून फेकला, मला उलटं करून मातीत रोवलं आणि माझ्यात पुदिना लावला. हसू नका. नदीपलीकडच्या माणसाला झोपेतून उठवणारी मी, माझ्या पोटात पुदिना! चांगला आला होता म्हणे. मग ते घरही पाडलं आणि मी फरशा, नळ, खिडक्यांच्या जाळ्या यांच्याबरोबर ट्रकमधून अम्गराला गेले.

सर्फराज धातू वेगळे करत होता. मला पितळेच्या ढिगात टाकलं होतं, आणि तो ढीग वितळवायला जाणार होता. मी म्हटलं, चला, एकदा वितळले होतेच, आता परत. मला भीती नव्हती वाटत. थकवा वाटत होता.

त्या दिवशी सुदेश तिथे आला. सुदेश हा शेजारच्या वर्कशॉपमधला फॅब्रिकेटर, सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या खोलवाडीचा. लोखंडी अँगल शोधत होता. जाता जाता त्याच्या हातातला पाना मला लागला. लोळा नाही, पोटात माती, तरी मी जराशी वाजले. तो थबकला. आधी त्याने हात छातीला लावला, कोकणातल्या माणसाचा हात घंटा ऐकली की आपोआप छातीला जातो. मग माती काढली, मला उचलून तारेने टांगलं आणि पान्याने नीट टोला दिला. यार्डाच्या पार टोकाला काम करणाऱ्या माणसांनी माना वळवल्या.

"सर्फराजभाई, ये मेरे को दे दो," सुदेश म्हणाला.

"ले जा," सर्फराज म्हणाला. "तूने मेरा गेट जोडा था, मैंने कुछ दिया नहीं. पर करेगा क्या इसका?"

तेव्हा सुदेशने सांगितलं ते मी कान देऊन ऐकलं. त्याची आई ठकूबाई खाडीच्या पल्याड एकटी राहते. बाजार, डॉक्टर, देऊळ, सगळं अल्याडला. मध्ये तर. धक्क्यावर उभं राहून हाक मारायची की तुकारामकाका होडी घेऊन येतात. पण गेल्या वर्षी ठकूबाईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. कायमचा. घर उंचावर आहे, तिथे मोबाइलला रेंज येते. खाली दोन्ही काठांच्या धक्क्यांवर येत नाही. थाळी बडवून पाहिली, कुडाळच्या बाजारातली देवळात टांगतात तसली घंटा लावून पाहिली, वाऱ्यापुढे काही पोचेना. एकदा ताप अंगात असताना ती दुपारपासून धक्क्यावर उभी होती. होडी येईना म्हणून ओहोटीला चिखलातून चालत निघाली आणि मांडीपर्यंत रुतली. नशिबाने जाळं टाकायला आलेल्या कोळ्याने पाहिलं.

"फिर से ऐसा हुआ और कोई नहीं आया तो?" सुदेश म्हणाला. सर्फराजने मान खाली घातली. मित्रांनो, माझा सगळा थकवा तिथेच उतरला. कुणीतरी पल्याड उभं आहे आणि हाक पोचत नाही. अहो, मला केलंच आहे त्यासाठी!

सुदेशने माझा हिरवा रंग खरवडला, लोखंडाचा नवा लोळा घडवला, नेमका जिथे बसायला हवा तिथे बसवला. पुढच्या महिन्यात तो सुट्टीवर जाणार होता. पण त्याआधी एक घोटाळा झाला, आणि तो कोकणी माणसांनाच जमावा असा.

दर शुक्रवारी दुपारी त्यांची मंडळी योगिनीताईंच्या फ्लॅटवर आरतीला जमतात. योगिनीताई हॉस्पिटलात नर्स आहेत, त्याही तिकडच्याच. त्या शुक्रवारी सुदेश मला दाखवायला घेऊन गेला. माझं काय कौतुक झालं! योगिनीताईंची विशाखा मला उचलायला गेली आणि म्हणाली, "आई, इट्स सो हेवी!" कुणी फूल वाहिलं, कुणी हळदकुंकू लावलं. घंटा म्हणजे देवाचीच, याबद्दल तिथे कुणाला शंकाच नव्हती. वसईच्या मोहिमेत चर्चच्या घंटा आल्या त्या आपल्या देवळांत आहेतच की, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. सुदेशचा खोलीतला जोडीदार दत्तप्रसाद. मोठ्या मनाचा, मोठ्या आवाजाचा. गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढची मोठ्याने करायची विनवणी, घालायचं तर त्यानेच. हात जोडून तो उभा राहिला आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद करून सगळे मागे उभे राहिले.

"बा देवी सातेरी म्हाराजा, बारा गावच्या, बारा वैवाटीच्या म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"ही तुझी लेकरां पोटासाठी दर्यापार इली हत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि ह्या सुदेशान आणलेली घांट तुझ्या देवळात टांगूक तुका अर्पण करतंव, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले, आणि त्यात सुदेशचा आवाजही होता.

गाऱ्हाण्याला 'होय म्हाराजा' म्हणायला विचार करावा लागत नाही, लहानपणापासून तोंडातून आपोआप जातं. तसं ते गेलं. आणि मग सुदेशचं तोंड पांढरं पडलं.

"दत्त्या, ह्या काय केलंस?" तो हळूच म्हणाला. "घांट आयेसाठी होती. तरीर लावूक."

"माका आधी सांगूचा नाय?" दत्तप्रसाद घाबरला. "आणि तू पण होय म्हटलंस मां!"

"सवयीन म्हटलंय रे!"

देवीच्या नावाने दिलेली वस्तू परत घ्यायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक. दत्तप्रसादच्या डोळ्यांत पाणी आलं. चांगलं करायला गेलो आणि भलतंच झालं, असं तो स्वतःच्या थोबाडीत मारून घेत म्हणत राहिला. मला तर दोन्हीकडून लाज वाटली. देवळात टांगतात म्हटल्यावर घंटेने रडायचं असतं का? पण मला रडू येत होतं.

शुक्रवारी तुकारामकाका ठकूबाईचा बाजार घेऊन पल्याड जातात आणि तिच्या घरून सुदेशला व्हिडिओ कॉल लावतात. ती बोलू शकत नाही म्हणून तिच्या खुणा तेच सांगतात. त्या दिवशी कॉल आला. ठकूबाई पडद्यावर आली, वाळकी, ताठ, गळ्याला पांढरा रुमाल. सुदेशने सगळं सांगितलं. ऐकून तिने लगेच दोन्ही हात जोडले आणि कपाळाला लावले.

"म्हणता, देवीकच दी," तुकारामकाका म्हणाले.

"आये, मगे तू अल्याड कशी येतलंस?" सुदेश म्हणाला. "परत चिखलातून जातलंस? मी हयसून काय करू?"

तिने हाताने हवा पुसली, म्हणजे माझं काय, होईल काहीतरी. आईच ती. तेव्हा तुकारामकाकांनी फोन आपल्या तोंडाकडे वळवला. पडदाभर त्यांची मिशीच दिसत होती.

"अरे, देवळात घांट वाजवन कोणाक बोलवतलास? देवी खंय गेली हा? ती थंयच बसलेली आसा. हाक व्हयी ती माका!"

योगिनीताई हसल्या, पण डोळे पुसत. दत्तप्रसाद म्हणाला, "पण काका, शब्द गेलो देवीक."

"मगे देवीकच इचारुया. गुरवाक कौल लावूक सांगतंय."

कौल म्हणजे गुरव देवीच्या मूर्तीला फुलाच्या कळ्या लावतो, प्रश्न विचारतो आणि कुठली कळी पडते ते बघतो. उजवी पडली तर होकार. पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबायचं होतं.

तो आठवडा मी सुदेशच्या पलंगाखाली होते. बाहेर धुळीचं वादळ सुटलं होतं, दिवसा दिवे लावावे लागत होते. मला सारखी ग्लानी येत होती. वेनचं धुकं खाडीवर आलेलं दिसायचं. काठावर ओकचा खांब, पण त्याच्यामागे माडांची रांग. लोणीवाली म्हातारी नऊवारी नेसून बसलेली, टोपलीत कोकमं. पलीकडून विल्फ वल्ही मारत यायचा आणि जवळ आल्यावर त्याला तुकारामकाकांच्या मिशा असायच्या. जागी झाले की पुन्हा तीच धाकधूक. ती बाई आज कुठे असेल? धक्क्यावर तर नसेल ना उभी?

शुक्रवार आला. योगिनीताईंच्या फ्लॅटवर सगळे फोनभोवती बसले.

"इचारलां," तुकारामकाका म्हणाले. "देवळात टांगू? तर कळी हलूक नाय. गुरव ताटकळलो, माणसां ताटकळली. मगे इचारल्यान, घांट तुझीच, पण तरीर रवाक देतंस? तेचा बोलणा पुरा जावच्या आधी उजवी पडली!"

"खरां?" दत्तप्रसाद ओरडला.

"गुरवाचा घर पण पल्याडच आसा," तुकारामकाका डोळा मिचकावून म्हणाले, "पण तसा काय नाय हां. देवीनच दिल्यान."

दत्तप्रसादने सुदेशला उचलूनच घेतलं. "हळू रे, खाली वॉचमन झोपलाय," योगिनीताई म्हणाल्या आणि स्वतःच टाळ्या वाजवायला लागल्या. सुदेशने मला दाराच्या चौकटीला टांगलं. "आये, ऐक हां," म्हणून त्याने दोर ओढला. मी वाजले. फ्लॅट लहान होता, पण मी खाडीएवढी वाजले.

पडद्यावर ठकूबाई फोनच्या जवळ सरकली. मग तिने हात वर केला, हवेत मूठ वळली आणि खाली ओढली. तिथे दोर नव्हता, काहीच नव्हतं. तिने परत मूठ वळली, परत ओढली, आणि सुदेशकडे बघत राहिली.

सुदेशच्या लक्षात आलं. तिने ओढलं की त्याने ओढलं. ती ओढत होती तिकडे, आणि मी वाजत होते इकडे. हळू, मग जोरात, मग तिच्या मनाला येईल तसं. वर्षभर तिने प्रत्येक फोनवर मुलाकडे नुसतं बघितलं होतं. आता ती त्याला हाक मारत होती! ओढताना तिचे ओठ हलत होते. कुणालाही विचारा, ते सुदेशचंच नाव होतं. आवाज माझा होता, पण हाक तिची होती.

"येतंय गे आये," सुदेश दोर ओढता ओढता रडत म्हणाला. "येतंय! इलंयच बघ!"

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, माझ्यात पुदिना लावू नका, हे मी सांगायला हवं आणि सांगतेच. पण त्याहून एक मोठी विनंती आहे. तुमच्याही ओळखीचं कुणीतरी पल्याडच्या काठावर उभं असेल. म्हातारं असेल, आजारी असेल, मानी असेल, किंवा नुसतंच अबोल असेल. वारा उलटा असेल आणि त्याचा आवाज तुमच्यापर्यंत येत नसेल. तर ऐकू आलं नाही म्हणून घरी बसू नका. होडी सोडा आणि जाऊन बघून या.